चष्मा बसवणाऱ्या हातांनाही शिक्षण हवं

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की आपल्या दैनिकाची करिअर पुरवणी येते आणि मी ती दुकानात समोरच ठेवते. चष्म्याची वाट बघत बसलेले आईबाप ती चाळतात, मग मुलांचे विषय निघतात. यंदाच्या पुरवणीत डोळ्यांच्या क्षेत्राला चांगली अर्धी बाजू दिलीत. नेत्रतज्ज्ञ होण्यासाठी काय करावं लागतं, ऑप्टोमेट्रीची पदवी कशी मिळते, हे नीट सांगितलंत. त्याबद्दल मनापासून आभार. पण नंबर लिहून झाल्यावर त्या कागदाचा चष्मा करणारं आणि तो चेहऱ्यावर नीट बसवून देणारं जे माणूस असतं, त्याच्या शिक्षणाबद्दल एक ओळही त्यात नव्हती. ही ओळ मी दरवर्षी शोधते. पुरवणी वाचून बेडग गावच्या एका वडिलांनी मला विचारलं, "ताई, पोरगी आर्ट्सला आहे, हात चांगला आहे तिचा, शिवण करती. हे चष्म्याचं काम कुठं शिकायला मिळंल?" त्यांना जिल्ह्यातला एकही पत्ता मला सांगता आला नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण जागा द्यावी ही विनंती.

आमचं दुकान मिरजेत आहे. मिरज हे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी इथं मिशनचा दवाखाना उभा केला आणि तेव्हापासून सांगली-कोल्हापूरच नव्हे, तर कर्नाटकातूनही माणसं औषधपाण्यासाठी इथं उतरतात. त्यामुळे आमच्या काउंटरवर मराठी आणि कानडी दोन्ही लागतं. दुकान सासऱ्यांनी काढलेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा काच हातानंच कापत. हिऱ्याच्या लेखणीनं आकार आखायचा, पकडीनं कडा तोडायच्या आणि पाणी ठिबकणाऱ्या दगडावर घासून ती फ्रेमच्या खाचेत बसेल अशी करायची. सासऱ्यांनी मला ते शिकवलं. नंतर प्लॅस्टिकची भिंगं आली, पॉलिकार्बोनेट आलं, काच कापायचं ऑटोमॅटिक मशीन आलं. आज मशीन दाखवून कुणीही म्हणतं, आता यात शिकण्यासारखं काय राहिलं? हा गैरसमज दूर व्हावा, एवढ्यासाठी मी कामाचं थोडं वर्णन करते.

डोळ्याचे आजार बघणारे आणि शस्त्रक्रिया करणारे ते नेत्रतज्ज्ञ. नंबर काढणारे, दोन्ही डोळे एकत्र कसे चालतात ते तपासणारे ते ऑप्टोमेट्रिस्ट. तिसरं माणूस चष्मा तयार करून बसवणारं. परदेशात त्याला डिस्पेन्सिंग ऑप्टिशियन म्हणतात. आपल्याकडे त्याला "दुकानातला मुलगा" म्हणतात. आणि पहिल्या दोघांनी केलेलं सगळं काम या मुलाच्या हातून डोळ्यांपर्यंत पोहोचतं.

कागदावर लिहिलेलं असतं, उणे आठ. ते भिंग डोळ्यासमोर नेमकं कुठं यावं, हे कागदावर नसतं. प्रत्येक भिंगाला एक मध्य असतो. तो बाहुलीसमोर आला पाहिजे. तो बाजूला सरकला की भिंग प्रिझमचं काम करायला लागतं आणि समोरची वस्तू आहे त्या जागेवरून हललेली दिसते. किती हलते, याचं साधं गणित आहे, त्याला प्रेंटिसचा नियम म्हणतात. भिंगाचा नंबर आणि मध्य जितके सेंटिमीटर सरकला तो आकडा, यांचा गुणाकार करायचा. येणाऱ्या आकड्यालाही प्रिझमच म्हणतात. एकच्या नंबरला चार मिलिमीटरची चूक झाली तर पॉइंट चार प्रिझम, डोळे ते निभावून नेतात. आठच्या नंबरला तीच चूक झाली की तीन पॉइंट दोन, आणि दोन्ही डोळ्यांची मिळून सहाच्या वर.

हे आकडे मी हवेतून काढलेले नाहीत. तिसरीतला एक मुलगा आईबरोबर माझ्याकडे आला होता. दोन्ही डोळ्यांना उणे आठ. चष्मा दुसरीकडे केलेला, नवाकोरा. पोरगा तो वर्गात काढून दप्तरात ठेवायचा आणि बाई ओरडल्या की रडायचा. कपाळ दुखतं म्हणायचा. आईला वाटलं नंबर चुकला. तिनं परत तपासून घेतला, तर नंबर अगदी बरोबर होता. मी चष्मा लेन्सोमीटरवर, म्हणजे भिंगाचा नंबर आणि मध्य दाखवणाऱ्या यंत्रावर लावला, दोन्ही भिंगांच्या मध्यावर शाईचे ठिपके दिले आणि पट्टी ठेवली. दोन ठिपक्यांत चौसष्ट मिलिमीटर. मुलाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर छप्पन्न. म्हणजे प्रत्येक डोळ्याला चार मिलिमीटरचा फरक. उणे भिंगात असा फरक पडला की एकच चित्र दिसण्यासाठी दोन्ही डोळ्यांना सतत बाहेरच्या बाजूला ताणावं लागतं, आणि डोळ्यांना त्या दिशेला फार थोडीच मुभा असते. आठ वर्षांचं पोर दिवसभर ते करत होतं.

हे का झालं, तेही फ्रेमवरच छापलेलं होतं. काडीच्या आतल्या बाजूला ५० आणि १४ असे आकडे होते. पन्नास म्हणजे एका भिंगाची रुंदी, चौदा म्हणजे मधल्या पुलाची. दोन्ही मिळून चौसष्ट. भिंग कापणाऱ्यानं बाहुल्यांचं माप न घेता भिंगाचा मध्य फ्रेमच्या मध्यावर ठेवला आणि मशीननं ते सुरेख कापून दिलं. मोठ्यांची फ्रेम लहान मुलाला दिली होती, कारण मुलाला ती आवडली. मी त्याला ४२ आणि १४ ची फ्रेम दाखवली. बेरीज छप्पन्न. आता फ्रेमचा मध्य आणि डोळ्याचा मध्य एकच झाला, भिंग सरकवायची गरज उरली नाही आणि कडेची जाडीही बरीच कमी झाली. भिंग पॉलिकार्बोनेटचं घेतलं, कारण मुलं खेळताना पडतात आणि ते सहजी फुटत नाही. पोरानं चष्मा घातला आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचत सुटलं.

मी त्या दुकानाला दोष देत नाही. मशीनवर बसलेल्या मुलाला बेरजेचं हे साधं गणित कुणी कधी सांगितलंच नसणार. मला राग त्याचाच येतो. चांगल्या डॉक्टरांनी नीट तपासलेला, आईनं पैसे जमवून घेतलेला चष्मा शेवटच्या टप्प्यावर वाया गेला. तोही असं काही न कळल्यामुळे, जे एका दुपारी शिकवता येतं.

मुलांच्या बाबतीत आणखी एक. आठचा चष्मा नाकावरून पाच मिलिमीटर घसरला तर त्याची ताकद पाव नंबराहून थोडी जास्तच घटते. मूल मान वर करून बघायला लागतं आणि घरचे म्हणतात, नंबर वाढला. बऱ्याचदा नंबर तसाच असतो, नाकावरची पॅड आणि काडीचा वाक तेवढा बघायला हवा असतो. वाक कानाच्या मुळाशी यायला हवा. तो पुढं आला तर कान टोचतो, मागं गेला तर चष्मा घसरतो. ॲसिटेट या प्लॅस्टिकची काडी गरम करून वाकवता येते. काही नव्या लवचिक प्लॅस्टिकच्या काड्या तशा वाकत नाहीत आणि जोर केला तर हातात येतात. हे सगळं बोटांना कळावं लागतं. शाळांमधून डोळे तपासून मोफत चष्मे देण्याचं काम चालतं, ते फार मोलाचं आहे, अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम देशात १९७६ पासून आहे. पण शिबिरातून खोक्यात आलेला चष्मा मुलाच्या तोंडावर ठेवून, तो वाकवून, नीट करून देणारं माणूस त्या साखळीत कुठं आहे? दुकानात अशी मुलं येतात तेव्हा मी पैसे न घेता चष्मा बसवून देते. पण हे एका दुकानानं किती करायचं?

आता मोठ्यांचं. चाळिशी ओलांडली की जवळचं दिसेनासं होतं आणि वाचायचा नंबर बहुधा सगळ्यांना एकाच अंतराचा दिला जातो, साधारण चाळीस सेंटिमीटरवर पुस्तक धरलं आहे असं समजून. पण सगळी माणसं पुस्तक धरत नाहीत. आमच्या मिरजेत सतार आणि तंबोरा करणारे कारागीर आहेत. या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच आनंद झाला. हा कारागीर भोपळ्यावर नक्षी करतो तेव्हा तीस-पस्तीस सेंटिमीटरवर बघतो. तारा चढवून खुंट्या पिळतो तेव्हा हातभर लांब बघतो. जवारी काढताना, म्हणजे तारांचा झंकार जमवताना, तारांखालच्या घोडीवर कानस फिरवतो, मान खाली घालतो, तिरका उजेड घेऊन पृष्ठभाग बघतो. एका मीटरला अंतरानं भागलं की डोळ्याला किती ताकद लागते ते निघतं. चाळीस सेंटिमीटरला अडीच, पन्नासला दोन, तेहतीसला तीन. म्हणून त्याला चष्मा देण्याआधी विचारावं लागतं, दादा, काम करताना हात कुठं असतात ते दाखवा. मी टेप घेऊन त्यांच्या डोळ्यापासून हातापर्यंतचं अंतर मोजते, ते चिठ्ठीवर लिहिते आणि चिठ्ठी ऑप्टोमेट्रिस्टकडे परत पाठवते. त्यांनाही त्याचा उपयोग होतो.

तासगाव भागातल्या द्राक्षबागेत विरळणी करणाऱ्या बायका बघा. घड मांडवाला वर लटकलेले असतात. बाई हात वर करून, मान मागं टाकून कात्रीनं बारीक मणी काढते. तिला बायफोकल दिला तर जवळचा तुकडा भिंगाच्या खालच्या बाजूला असतो आणि तिचं सगळं काम वरच्या बाजूला. ती म्हणते, चष्मा बेकार आहे, आणि डबीत ठेवून देते. तिला कामाच्या अंतराचा, पूर्ण भिंगाचा वेगळा चष्मा लागतो. डोक्यावर काम करणाऱ्या वायरमनसारख्या लोकांसाठी वरही जवळचा तुकडा असलेलं भिंग असतं, ते काउंटरवरच्या माणसाला माहीत असावं लागतं. त्यानं विचारायला हवं, तुमचं काम काय? आणि उत्तर ऐकून घ्यायला हवं.

चष्म्यानं रोजगारावर काय फरक पडतो, याचा एक पक्का अभ्यास आहे. आसामच्या चहामळ्यात चाळीस वर्षांपुढच्या साडेसातशेच्या आसपास मजुरांवर तो झाला आणि २०१८ साली लॅन्सेटच्या ग्लोबल हेल्थ नियतकालिकात छापून आला. जवळचा चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची क्षमता, न मिळालेल्यांच्या तुलनेत एकवीस टक्क्यांहून अधिक वाढली. चहा काय आणि द्राक्षं काय, बोटांचं आणि डोळ्यांचं काम सारखंच. मजुरी खुडलेल्या वजनावर किंवा केलेल्या झाडांवर मिळते, तिथं हा फरक थेट चुलीपर्यंत जातो.

प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच भिंगात, मधे रेघ नसलेल्या भिंगांबद्दल तर रोज ऐकते, "एवढे पैसे घातले, पण मला काही ते जमलं नाही." काहींना खरंच जमत नाही. पण पुष्कळांच्या बाबतीत भिंगावरची खूण बाहुलीसमोर आलेली नसते. माझ्याकडे नवी मुलगी आली की पहिले कित्येक दिवस मी तिला एवढंच करायला लावते. आधी फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकावर नीट बसवून घे, खूण नंतर. मग त्याच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ये. तू उंच असलीस तर वाक, बुटकी असलीस तर स्टूल घे. तुझा उजवा डोळा मीट आणि त्याला तुझ्या डाव्या डोळ्याकडे बघायला सांग. त्याच्या उजव्या बाहुलीसमोर फ्रेममधल्या नमुन्याच्या काचेवर बारीक ठिपका दे. आता डावा मीट, त्याला तुझ्या उजव्या डोळ्याकडे बघू दे आणि दुसरा ठिपका दे. मग फ्रेम काढ, परत घाल, आणि ठिपके तिथंच येतात का बघ. येत नसतील तर पुसून पुन्हा. दोन्ही डोळ्यांचं माप नाकाच्या मध्यापासून वेगवेगळं लिही, कारण नाक अगदी मधोमध असलेली माणसं कमीच. उजवीकडे एकतीस आणि डावीकडे तेहतीस, असं सर्रास निघतं. दोन्हीची बेरीज करून निम्मं केलं की दोन्ही डोळ्यांना चुकलं.

हे मी एका वाक्यात सांगू शकले असते. पण मुलीचा हात थरथरत असतो, समोरचे आजोबा मान वर करतात, फ्रेम घसरते, बाजूला गिऱ्हाईक थांबलेलं असतं. त्यातून तिचा ठिपका नेमका पडायला लागायला काही महिने जातात, आणि तो पडायला लागला की तिच्या चालण्याबोलण्यातही फरक पडतो. ती गिऱ्हाइकाला सांगायला लागते, काका, ही फ्रेम तुम्हाला रुंद होतीये, दुसरी बघू. महागातली फ्रेम परत ठेवून बेताची काढून देते. मला त्या दिवशी समाधान वाटतं.

असं शिकवणारी दुकानं आहेत, नाहीत असं नाही. पण आज या कामाला येणारी बहुतेक मुलं कशी शिकतात? आधी फडकं, मग चहा, मग स्क्रू आवळणं, मग बघून बघून मशीन. मालक चांगला असला तर शिकतात, नाहीतर पाच वर्षांनीही ॲक्सिस म्हणजे काय हे कळत नाही. भिंगात सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेनं लागणारा नंबर असेल, तर त्याची दिशा अंशात दिलेली असते, तोच ॲक्सिस, आणि ती फिरली की नंबर बरोबर असूनही धूसर दिसतं. मोठ्या दुकानांच्या साखळ्यांमध्ये प्रशिक्षण असतं, पण माझ्याकडे तिथून आलेल्या मुलांना योजना आणि कोटिंगचे प्रकार पाठ होते, बाहुल्यांचं अंतर मोजायची पट्टी हातात नीट धरता येत नव्हती. मुलं हुशार होती. महिन्याभरात शिकली. त्यांना शिकवलं गेलं नव्हतं, इतकंच. आणि शिकल्यावरही त्यांच्या हातात कागद नसतो. दुकान बदललं की पुन्हा पहिल्या पगारापासून सुरुवात, कारण नव्या मालकाला यांना काय येतं हे कळायला काही साधन नाही.

रेडीमेड चष्म्यांबद्दल आणि मोबाईलवरून मागवलेल्या चष्म्यांबद्दल माझ्या व्यवसायातले लोक फार कडू बोलतात. मी तसं बोलणार नाही. दोन्ही डोळ्यांना सारखा नंबर आहे, सिलिंडर नाही, पोथीच वाचायची आहे, अशा आजीला बाजारातला तयार चष्मा चालून जातो आणि गरिबाची सोय होते. फक्त त्याआधी एकदा डोळे तपासून घ्यावेत, काचबिंदूसारखं दुखणं न दुखता वाढतं. पण नंबर मोठा असेल, दोन डोळ्यांत फरक असेल, मूल असेल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल, तर समोर बसून माप घेणाऱ्या माणसाला पर्याय नाही.

इतर देशांनी हे काम किती गांभीर्यानं घेतलं ते बघण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये १९५८ साली ऑप्टिशियन्सचा कायदा झाला. तिथं डिस्पेन्सिंग ऑप्टिशियनची जनरल ऑप्टिकल कौन्सिलकडे नोंद असते आणि सोळा वर्षांखालच्या मुलांचा चष्मा नोंदणी असलेल्या माणसानं किंवा त्याच्या देखरेखीखालीच द्यावा लागतो. जर्मनीत हा तीन वर्षांच्या उमेदवारीचा व्यवसाय आहे, आठवड्याचा काही भाग शाळेत आणि बाकीचा दुकानात आणि कार्यशाळेत. पुढं परीक्षा देऊन उस्ताद होता येतं आणि मग स्वतः उमेदवार शिकवता येतात. मला ही पद्धत सगळ्यात जास्त पटते, कारण आपल्याकडे दुकानात शिकायची रीत आधीच आहे. तिला फक्त वर्ग, परीक्षा आणि कागद जोडायचा आहे.

आणि परदेशातच कशाला जायचं? मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ साली डॉ. वेंकटस्वामींनी सुरू केलं. तिथं खेड्यापाड्यातल्या बारावी झालेल्या मुलींना दोन वर्षं शिकवून रुग्णालयातलं निरनिराळं काम देतात आणि चष्मा विभागही त्यात येतो. त्या मुलींवर ते रुग्णालय उभं आहे असं म्हटलं तरी चालेल. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेनं गावातल्या मुलामुलींना व्हिजन टेक्निशियन म्हणून तयार केलं आणि खेड्यातली दृष्टिकेंद्रं चालवायला दिली. ही मुलं नंबर तपासतात आणि चष्माही देतात. आपल्या शेजारच्या राज्यात हे होतं, तर सांगली, लातूर, नंदुरबारमध्ये का होऊ नये?

केंद्रानं २०२१ साली संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि ऑप्टोमेट्रिस्टना त्यात स्थान मिळालं. फार वर्षांची मागणी होती, ती पुरी झाली. ऑप्टोमेट्रीच्या पदवीला इंटर्नशिप धरून निदान चार वर्षं लागतात आणि बारावी सायन्स लागतं. ज्याला झेपेल त्या मुलानं जरूर ती करावी, या क्षेत्रात तिच्यासारखा पाया नाही. पण सायन्स नसलेली, फी न झेपणारी, हात चांगला असलेली मुलं दर गावात आहेत आणि चष्म्याच्या दुकानांना रोज माणसं हवी असतात. या दोघांची गाठ घालून देणारी वाट नाही, माझी तक्रार एवढीच आहे.

ती वाट आयटीआयमधून निघू शकते, असं मला वाटतं. एक वर्ष वर्ग आणि कार्यशाळा, दुसरं वर्ष दुकानात उमेदवारी. शिकाऊ उमेदवारीचा कायदा देशात १९६१ पासून आहे, विद्यावेतनाची पद्धत आहे, नवं काही शोधून काढायला नको. शिक्षण मराठीत द्यावं, तांत्रिक शब्द आहेत तेच ठेवून. गणित लागेल, पण दशांशाचं आणि अधिक-उण्याचं. उदाहरणार्थ उणे एक, सिलिंडर अधिक दोन, ॲक्सिस नव्वद असा कागद आला तर तोच नंबर अधिक एक, सिलिंडर उणे दोन, ॲक्सिस एकशेऐंशी असाही लिहिता येतो. दुकानातल्या माणसाला हे उलटसुलट करता यायलाच हवं, नाहीतर भिंग मागवतानाच घोळ होतो. माझ्याकडची दहावी झालेली मुलगी हे तोंडी करते. शिवाय भिंगांची माहिती, म्हणजे निर्देशांक जितका जास्त तितकं भिंग पातळ होतं, साध्या प्लॅस्टिकच्या भिंगाचा तो दीड आहे, पॉलिकार्बोनेटचा एक पॉइंट एकोणसाठ, पातळ भिंगाचा एक पॉइंट सहासष्ट किंवा सदुसष्ट, आणि दोनच्या नंबराला एवढं पातळ भिंग घ्यायची गरज नसते हे गिऱ्हाइकाला सांगायचा प्रामाणिकपणा. लेन्सोमीटर, फ्रेम सरळ करणं, सोल्डरिंग, दिलेला चष्मा मापाप्रमाणे आहे का ते देण्याआधी तपासणं. आणि डोळ्यात लाली, अचानक अंधारी, प्रकाशाचे झोत दिसणं असं कुणी सांगितलं तर चष्मा न विकता त्याच क्षणी डॉक्टरांकडे पाठवणं. हा शेवटचा धडा मी पहिल्या दिवशी शिकवते.

हे काम शिकलं की लगेच मोठा पगार मिळतो, असं मी कुणाच्या आईबापांना सांगणार नाही. सुरुवात बेताची असते. दुकानात दिवसभर उभं राहावं लागतं, सणावारी सुट्टी मिळेलच असं नाही, लग्नसराईत तर नाहीच. पण ज्याचा हात बसला त्याला काम शोधत हिंडावं लागत नाही, आणि आपल्या गावात स्वतःचं छोटं दुकान टाकता येतं. मुलींसाठी तर हे काम मला फार चांगलं वाटतं. खेड्यातल्या बायका पुरुष दुकानदाराला चेहऱ्याला हात लावू देताना संकोचतात, काड्या टोचतात ते सांगत नाहीत, तसाच चष्मा घेऊन जातात. समोर मुलगी असली की मोकळेपणी सांगतात.

माझी विनंती तीन ठिकाणी आहे. राज्याच्या कौशल्य विकास विभागानं जिल्ह्यातल्या एका तरी आयटीआयमध्ये हा अभ्यासक्रम सुरू करून बघावा. आमच्या व्यवसायातल्या मंडळींनी आपलं जुनं काम जाणणाऱ्या कारागिरांना तिथं शिकवायला पाठवावं, हातानं काच घासलेली पिढी आता थकत चालली आहे आणि ती असेपर्यंत हे झालं तर बरं. आणि आपण, संपादक महोदय, पुढच्या पुरवणीत या कामाला चार ओळींची जागा द्यावी. माझ्या दुकानात दोन उमेदवारांना वर्षभर विद्यावेतनावर शिकवायची माझी तयारी आहे. लेन्सोमीटर, जुना हातानं चालवायचा दगड आणि माझा वेळ, तिन्ही त्यांना मिळेल.

बेडगच्या त्या वडिलांना मी मुलीला सोमवारी पाठवा म्हणून निरोप दिला आहे.

कळावे,

आपली नियमित वाचक,
एक चष्मा व्यावसायिक, मिरज (जि. सांगली)